पीडीएफमधल्या चिनी-जपानी मजकुरात शब्द सापडत नाही? आधी रॅडिकलचे कोड तपासा

शब्द पानावर समोर दिसतो, पण शोधपेटीत टाइप केला की 'सापडला नाही' असं उत्तर येतं. पुण्यात जपानी मॅन्युअल, चिनी दरपत्रकं किंवा करारांचे मसुदे हाताळणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव आला असेल. भाषांतराच्या कामात हा बिघाड माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं. मूळ अक्षराच्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं रॅडिकलचं, म्हणजे चिनी कोशांत अक्षरं ज्या घटकानुसार लावतात त्या घटकाचं, चिन्ह बसलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला मात्र दोन वेगळे आकडे.

दोन्ही अक्षरं इथे शेजारी छापली तरी फरक कळणार नाही. म्हणून मी अक्षरांचे उच्चार, अर्थ आणि आकडेच देतो आहे.

लक्षणं

सगळ्यात भरवशाचं लक्षण असं, की स्वतः टाइप केलेला शब्द सापडत नाही, पण तोच शब्द पानावरून कॉपी करून शोधपेटीत चिकटवला की लगेच सापडतो. एवढं दिसलं तरी माझा संशय जवळजवळ पक्का होतो.

एक्सेलमध्ये व्हीलुकअप दोन सारख्या दिसणाऱ्या नावांची जुळणी नाकारतो. ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे आधीच्या भाषांतरांच्या साठ्यात, पूर्ण जुळणी यायला हवी तिथे अर्धवट जुळणी येते. एखाद्या ओळीत एकच अक्षर थोडं जाड किंवा वेगळ्या वळणाचं दिसतं, कधी त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. शिफ्ट-जेआयएस या जपानी अक्षरसंकेतावर चालणाऱ्या जुन्या प्रणालीत मजकूर भरला तर 'निहोन' या शब्दातलं पहिलं अक्षर जातं आणि तिथे प्रश्नचिन्ह उरतं, कारण त्या संकेतात रॅडिकलच्या या चिन्हांना जागाच नाही.

आणखी एक लक्षण फार उपयोगी आहे. चिनी अक्षरांत लिहिलेल्या अंकांपैकी एक, दोन, आठ आणि दहा एवढेच बिघडतात. तीन ते सात आणि नऊ शाबूत राहतात. तारखेत 'महिना' आणि 'दिवस' ही अक्षरं बिघडतात, 'वर्ष' ठीक असतं. जपानी वारांची तर सातही अक्षरं सापडेनाशी होतात. चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, धातू, माती आणि सूर्य ही सातही अक्षरं रॅडिकलच्या यादीत आहेत. बिघाड असा निवडक असेल तर फाइल 'खराब' झाली आहे असं समजून ती पुन्हा पुन्हा डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका.

हे होतं कसं

चिनी कोशांत अक्षरं त्यांच्यातल्या ठरावीक घटकांनुसार लावतात. त्या घटकाला रॅडिकल म्हणतात, जपानी शिकणारे 'बुशु' म्हणतात. हान काळातल्या शू शेनने आपल्या कोशात असे ५४० वर्ग केले होते. मेइ यिंगज्वोने १६१५ मध्ये ते २१४ वर आणले आणि १७१६ च्या कांगशी कोशाने हीच संख्या रूढ केली. तैवानच्या सीएनएस ११६४३ या अक्षरसंकेताच्या मानकात रॅडिकलची चिन्हं नेहमीच्या अक्षरांपासून वेगळी दिली होती. प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकाने १९९९ च्या ३.० आवृत्तीत त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र गट केले: २१४ चिन्हांचा 'कांगशी रॅडिकल' गट आणि ११५ चिन्हांचा 'पूरक रॅडिकल' गट.

हेतू असा, की कोशाच्या अनुक्रमणिकेत किंवा लिपीवरच्या पुस्तकात 'इथे मला अक्षर नको, त्याचा वर्ग दाखवायचा आहे' असं सांगता यावं. नेहमीच्या मजकुरात ही चिन्हं वापरायची नाहीत. युनिकोडमध्ये त्यांची नोंदसुद्धा 'अक्षर' अशी नाही, 'चिन्ह' अशी आहे.

पण 'माणूस' या अर्थाचं 'रेन' हे अक्षर आणि त्याच नावाचं रॅडिकल यांचं चित्र एकच असतं. त्यामुळे बरेच फॉन्ट दोन्ही आकड्यांना एकच चित्र जोडतात. मराठीत विसर्गाऐवजी कोलन टाकून लिहिलेला 'दु:ख' आणि खरा 'दुःख' यांत जसं होतं, तसंच हे. फक्त इथे चूक टाइप करणाऱ्याची नसते, बहुधा पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमची असते.

पीडीएफच्या पानावर बहुधा अक्षराचा युनिकोड आकडा नसून फॉन्टमधल्या चित्राचा क्रमांक असतो. कॉपी करताना त्या चित्रापासून उलट अक्षराकडे जाण्यासाठी फाइलमध्ये एक तक्ता ठेवलेला असतो. एका चित्राला दोन आकडे लागू असतील तर तक्ता बनवणाऱ्या प्रोग्रॅमला एक निवडावा लागतो, आणि काही प्रोग्रॅम सरळ लहान आकडा उचलतात. रॅडिकलचे आकडे नेहमीच्या अक्षरांपेक्षा लहान आहेत. छापलेलं पान निर्दोष दिसतं आणि आतला मजकूर बदललेला असतो, तो असा.

पहिली तपासणी: चिकटवून शोधा

याला ना पैसे लागतात, ना सॉफ्टवेअर. संशयित शब्द कॉपी करा, त्याच दस्तऐवजात शोधा. मग तोच शब्द कीबोर्डने टाइप करून शोधा. दोन्ही वेळा निकालांची संख्या वेगळी आली तर आकडे वेगळे आहेत. ही तपासणी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करा, ब्राउझरमध्ये नको. काही प्रोग्रॅम शोधताना रॅडिकल आणि अक्षर एकच धरतात; तिथे दोन्ही शब्द सापडतात आणि बिघाड नाहीच असा समज होतो.

दुसरी: फॉन्ट बदलून पाहा

चौकोन किंवा विजोड अक्षर दिसत असेल तर सगळ्या चिनी-जपानी अक्षरांचा समावेश असलेला एखादा मोठा फॉन्ट लावा, नोटो सॅन्स सीजेके चालेल. चौकोन गेला तर इतकंच कळतं, की आधीच्या फॉन्टमध्ये त्या आकड्याचं चित्र नव्हतं. बरेच लोक इथेच थांबतात. पान नीट दिसायला लागतं म्हणून फाइल पुढे जाते, आणि आतला चुकीचा आकडाही तिच्याबरोबर जातो. फॉन्ट बदलणं हे निदान आहे, दुरुस्ती नाही.

तिसरी: आकडा वाचा

इथे खात्री होते. एक्सेलमध्ये 'युनिकोड' नावाचं फंक्शन आहे. ते कक्षातल्या पहिल्या अक्षराचा आकडा दशमानात देतं. आकडा ११९०४ ते १२०१९ मध्ये असेल तर ते पूरक रॅडिकल. १२०३२ ते १२२४५ मध्ये असेल तर कांगशी रॅडिकल. नेहमीच्या अक्षरांचा मुख्य गट १९९६८ पासून ४०९५९ पर्यंत आहे. 'माणूस' या अक्षराचा खरा आकडा २०१५४. रॅडिकल असेल तर १२०४० दिसेल. 'सूर्य' किंवा 'दिवस' या अक्षराचा २६०८५, रॅडिकलचा १२१०३. कांगशी गटातल्या आकड्यातून १२०३१ वजा केले की रॅडिकलचा कोशातला क्रमांक मिळतो. सूर्याचा ७२ वा.

विंडोजवरच्या वर्डमध्ये अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की षोडशमान (१६ च्या पायावरचा) कोड दिसतो. तो '२ई' किंवा '२एफ' ने सुरू झाला तर सापडलं. तीच बटणं पुन्हा दाबली की अक्षर परत येतं.

मोठी फाइल असेल तर टेक्स्ट एडिटरमध्ये रेग्युलर एक्सप्रेशनचा (नमुना देऊन शोधण्याचा) पर्याय चालू करून २ई८० ते २एफडीएफ ही पूर्ण श्रेणी एकदम शोधा. त्यापुढे २एफएफ० पासून अक्षराची रचना सांगणारी वेगळी चिन्हं सुरू होतात, त्यांना यात ओढू नका. 'हान लिपीतलं अक्षर' अशी अट घालून शोधू नका. युनिकोडच्या हिशेबात रॅडिकलही हान लिपीतच आहेत, त्यामुळे त्या अटीतून ती बिनबोभाट पार होतात. फाइलच्या आकारावरूनही कळणार नाही. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत दोन्हींना ३ बाइट लागतात.

आकडा ५७३४४ ते ६३७४३ मध्ये आला तर प्रकरण वेगळं आहे. ते खासगी वापराचं क्षेत्र. एखाद्या संस्थेने स्वतःसाठी बनवलेली अक्षरं तिथे असतात आणि त्यांचा अर्थ त्या संस्थेच्या फॉन्टशिवाय ठरवता येत नाही. खाली दिलेला कोणताही उपाय तिथे लागू नाही.

चौथी: मजकूर आला कुठून

तीच पीडीएफ दुसऱ्या वाचक प्रोग्रॅममध्ये उघडून तोच शब्द कॉपी करा. तिथेही रॅडिकल आलं तर दोष फाइलमधल्या तक्त्यात आहे. आलं नाही तर पहिला प्रोग्रॅम बदला आणि विषय संपवा.

दोष फाइलमध्ये असेल तर सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे पाठवणाऱ्याकडे मूळ वर्ड किंवा इनडिझाइन फाइल मागणं. तिथे आकडे बहुतेक बरोबर असतात, कारण माणसाने ते चिनी किंवा जपानी कीबोर्डने टाइप केलेले असतात. आपल्याकडे कुणी मूळ फाइल मागायला संकोच करतं आणि शंभर पानं हाताने सुधारत बसतं. एक ईमेल आधी पाठवा.

पीडीएफ नसेल तर बाकीच्या वाटा आठवा: कोशाच्या अनुक्रमणिकेतून कॉपी केलेलं अक्षर, अक्षरतक्त्यातून बोटाने निवडलेलं चिन्ह, ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम). तक्त्यातून निवडणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्याला आपण अक्षर घेतो आहोत की रॅडिकल, हे कळायला मार्ग नसतो.

पाचवी: बदला, पण तेवढीच श्रेणी

इंटरनेटवर याचा एक झटपट उपाय सांगितला जातो: सगळ्या मजकुराला 'एनएफकेसी' हे नॉर्मलायझेशन, म्हणजे सारख्या चिन्हांना एकच ठरलेलं रूप देण्याची युनिकोडची पद्धत, लावा. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये ते एका ओळीत होतं. कांगशी गटातली २१४ च्या २१४ चिन्हं त्याने खरोखर अक्षरांत बदलतात. ('एनएफसी' ने ती बदलत नाहीत. नावं सारखी आहेत म्हणून गल्लत करू नका.)

पण एनएफकेसी रॅडिकलपाशी थांबत नाही. १० चा ५ वा घात वर लिहिलेला असेल तर तो १०५ होऊन बसतो. वर्तुळातले क्रमांक साधे अंक होतात. पूर्ण रुंदीचा चिनी स्वल्पविराम साधा स्वल्पविराम होतो, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली) फाइल असेल तर स्तंभ सरकतात. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये घातांक बिघडणं ही शब्द न सापडण्यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे.

म्हणून नियम साधा ठेवा. अक्षराचा आकडा १२०३२ ते १२२४५ मध्ये असेल तरच त्या एका अक्षराला एनएफकेसी लावा, बाकी मजकुराला हात लावू नका. प्रोग्रॅम लिहिता येत नसेल आणि मजकूर थोडा असेल तर एडिटरमध्ये एकेक चिन्ह शोधून बदला. एका दस्तऐवजात वेगवेगळी रॅडिकल सहसा मूठभरच भेटतात.

आणि मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवूनच सुरुवात करा.

सहावी: पूरक गट, जिथे खरी मेहनत आहे

कांगशी गट साफ झाला की लोकांना वाटतं काम झालं. मग चीनच्या चलनाचं नाव शोधायला जातात, 'रेनमिन्बी', आणि ते तरीही सापडत नाही. यातलं 'रेन' कांगशी गटात जातं, ते सुधारलेलं असतं. 'मिन', म्हणजे जनता, हे पूरक गटात ११९३६ वर जाऊन बसतं. त्याचा खरा आकडा २७६६५ आहे. एनएफकेसी त्याला शिवतही नाही. पूरक गटातल्या ११५ चिन्हांपैकी ते फक्त २ चिन्हं बदलतं: 'आई' आणि सोप्या लिपीतलं 'कासव'. बाकी सगळी जशीच्या तशी.

मुख्य चीनमधल्या सोप्या लिपीत हे जास्त छळतं. गाडी, दार, घोडा, मासा, पक्षी, वारा, ड्रॅगन ही रोजच्या वापरातली अक्षरं आणि पश्चिम दिशेचं 'शी' या सगळ्यांच्या जोड्या पूरक गटात आहेत. शीआन शहराचं नाव न सापडण्याचं कारण हेच असू शकतं.

यासाठी युनिकोडने ११.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एक तक्ताच दिला आहे. 'इक्विव्हॅलंट युनिफाइड आयडिओग्राफ' या नावाची साधी टेक्स्ट फाइल; कोणत्या रॅडिकलशी कोणतं अक्षर जुळतं हे ओळीओळीने लिहिलेलं. तुमच्या स्क्रिप्टने ती वाचावी आणि त्यानुसार बदल करावा. स्वतः डोळ्यांनी पाहून जोड्या लावू नका. पाण्याचे तीन थेंब, गवताचा माथा, चालण्याचं चिन्ह यांची रूपं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत, की सरावलेला माणूसही चुकतो.

तक्ता वापरूनही एक जागा उरते, आणि तिथे मी नेहमी माणसाकडून तपासून घेतो. कांगशी गटात 'निळा-हिरवा' हे रॅडिकल १२२०५ वर आहे. एनएफकेसीने ते ३८७३७ होतं, ते जुनं रूप. आजच्या चिनी आणि जपानी मजकुरात वापरतात तो आकडा ३८७३८, शेजारचाच. पूरक गटातल्या ११९९२ चं उत्तर मात्र ३८७३८ येतं. छिंगदाओ शहराच्या नावातलं 'छिंग' हेच अक्षर, म्हणजे ते नाव मजकुरात कोणत्या वाटेने आलं यावर ते दुरुस्तीनंतर सापडेल की नाही हे ठरतं. 'पिवळा' हे अक्षरही तसंच. तैवानमध्ये ४०६४३, मुख्य चीन आणि जपानमध्ये ४०६४४. ते ह्वांग हे आडनावही आहे, तेव्हा दस्तऐवज कोणत्या प्रदेशातला आहे हे पाहिल्याशिवाय बदलू नका.

सातवी: साठा आणि शोध

मजकूर आधीच डेटाबेसमध्ये गेला असेल तर नुसत्या नव्या फाइल साफ करून भागत नाही. दुरुस्ती दोन ठिकाणी हवी: मजकूर आत येताना आणि वापरणारा शोधशब्द टाकतो तेव्हा. एकाच बाजूला लावली तर आधी जे चुकून सापडत होतं तेही सापडेनासं होतं.

जुन्या नोंदी सुधारताना आणखी एक अडचण येते. एकच ग्राहक दोन आकड्यांनी दोनदा नोंदलेला असतो. अक्षर बदललं की दोन्ही नावं तंतोतंत एक होतात आणि 'युनिक' अट असलेला, म्हणजे एकच नाव दोनदा न चालणारा, स्तंभ तक्रार करतो. आधी अशा जोड्यांची यादी काढा, मग बदल करा. ट्रान्सलेशन मेमरीतही आधी स्रोत बाजू सुधारा, मग जुळण्या पुन्हा मोजा.

इथे थांबा

डिजिटल सही असलेली पीडीएफ असेल तर तिच्यात काहीही बदलू नका. एक अक्षर बदललं तरी सही अवैध दाखवली जाईल. शोधासाठी वेगळी प्रत बनवा, किंवा सही करणाऱ्याकडून नवी फाइल घ्या.

पासपोर्ट, कोसेकी म्हणजे जपानी कुटुंबनोंदणी, जमिनीचे कागद अशा ठिकाणी माणसांची नावं असतात. जपानी नावांत मुद्दाम जुनी रूपं वापरतात. त्यातली बरीच ६३७४४ ते ६४२५५ या, जुन्या संकेतांशी जुळण्यासाठी ठेवलेल्या, सुसंगती गटात आहेत आणि त्यांतली बहुतेक साध्या एनएफसीनेही बदलतात. इथे निर्णय त्या भाषेतल्या व्यावसायिक भाषांतरकाराचा, तुमच्या स्क्रिप्टचा नाही.

कोश, लिपीचं पाठ्यपुस्तक, कान्जीच्या वर्गाचा तक्ता असेल तर रॅडिकल तिथे जाणूनबुजून ठेवलेलं असू शकतं. लेखकाला विचारल्याशिवाय बदलू नका.

खासगी क्षेत्रातले आकडे, किंवा पीडीएफमध्ये उलट तक्ताच नसल्याने कॉपी केल्यावर निव्वळ कचरा येणं, हे फॉन्ट आणि प्रीप्रेस (छपाईपूर्व तयारी) जाणणाऱ्याचं काम आहे. चालू व्यवहार असलेल्या डेटाबेसमधल्या नोंदी एकत्र करायच्या असतील तर डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा. बॅकअपमधून परत येण्याची वाट त्याने आधी तपासलेली हवी.

व्यावसायिकाकडे जाताना स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात आकडे नसतात. मूळ पीडीएफचं एक पान, त्यातून कॉपी केलेला मजकूर यूटीएफ-८ टेक्स्ट फाइलमध्ये, संशयित अक्षरांचे आकडे, पीडीएफच्या माहितीत दिसणारं बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं आणि फॉन्टचं नाव, एवढं द्या. पाठवणाऱ्या कंपनीशी बोलणं होत असेल तर त्यांना एक चाचणीची ओळ छापून पीडीएफ करायला सांगा: चिनी अक्षरांत एक ते दहा, सातही वार, मग रेनमिन्बी आणि छिंगदाओ. ती ओळ कॉपी करून आकडे पाहिले की त्यांचा प्रोग्रॅम कांगशी गटात चुकतो, पूरक गटात चुकतो की दोन्हीकडे, हे लगेच कळतं.